सांगलीहून स्टुटगार्टला तीन आठवडे: बॅगेत काय, खिशात काय?

प्रश्न: कृष्णाकाठ_०५

नमस्कार मंडळी. सांगलीत इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ७ ते २७ जून २०२६ जर्मनीत स्टुटगार्टला कोर्स आहे. वसतिगृहात चौघांत एक स्वयंपाकघर. व्हिसा, विमा, मुंबई–फ्रँकफर्ट तिकीट झालं. अडलंय ते रोजच्या गोष्टींवर.

घरचे कांदा-लसूण मसाला, भडंग, साजूक तूप, साताऱ्याचे कंदी पेढे नि तीन लिटरचा कुकर भरायला निघालेत. यातलं काय चालतं? फ्रँकफर्टहून पुढं कसं जायचं, पास कुठला काढायचा? रोख किती न्यावी? एजंटांनी कृपया उत्तर देऊ नये.

उत्तर: पेठनाका

पेढे आणि तूप आत्ताच बाहेर काढ. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सोबत आणता येत नाहीत. पेढा म्हणजे खवाच, त्यामुळं "प्रसाद आहे" म्हणून सुटका नाही. कस्टमवाल्यांनी बॅग उघडली तर जप्त होणार, वर दंडही होऊ शकतो. ताजा कढीपत्ता, मिरच्या, लिंबं हीसुद्धा नकोत. ताज्या भाजीपाल्याला रोगमुक्ततेचा दाखला लागतो. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तर मुंबईतच काढून घेतील. खोबऱ्यात तेल भरपूर, पेट घेतं, म्हणून २०२२ पासून चेक-इन सामानात बंदी आहे.

भडंग, मसाला, हळद, शेंगाचटणी, पोहे, बेदाणे बिनधास्त ने. तीन आठवड्यांना एका माणसाला मसाला १५० ग्रॅम, हळद ३० ग्रॅम, मोहरी-जिरं ५०-५० ग्रॅम पुरतं. किलो-किलो भरू देऊ नकोस. मसाल्याला दोन पिशव्या घाल नि चेक-इन बॅगेतच ठेव, नाहीतर सगळ्या शर्टांना वास.

तांदूळ, तांबडी मसूर तिथं कुठल्याही दुकानात मिळते. तुरीची डाळ भारतीय किंवा तुर्की दुकानात बघ. पीठ घेताना पाकिटावरचा आकडा वाच: ४०५ म्हणजे मैदाच. चपातीला "फोलकोर्न" (कोंड्यासकट दळलेलं) लिहिलेलं गव्हाचं घे.

आणि एक, ७ जूनला रविवार आहे! त्या दिवशी किराणा दुकानं बंद असतात, फक्त मोठ्या स्टेशनांतली उघडी. पहिल्या रात्रीचं नि सोमवारच्या सकाळचं खाणं बॅगेत असू दे.

उत्तर: खंबाटकी_वळण

फ्रँकफर्ट विमानतळावर रेल्वेची दोन स्टेशनं आहेत, दोन्ही टर्मिनल १ च्या बाजूला. "फेर्नबानहोफ" आयसीई म्हणजे लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांसाठी, "रेगिओनालबानहोफ" लोकल गाड्यांसाठी. स्टुटगार्टला थेट आयसीई पहिल्यावरून सुटते.

इथं पोरं हमखास फसतात ती स्वस्त तिकिटात. "स्पारप्राइस" त्याच गाडीला बांधलेलं असतं. विमान उशिरा आलं किंवा इमिग्रेशनच्या रांगेत दीड तास गेला की तिकीट वाया. विमानाचं तिकीट वेगळं असल्यानं रेल्वे त्याची जबाबदारी घेत नाही. त्यामुळं एकतर एका गाडीला न बांधलेलं "फ्लेक्सप्राइस" घे, नाहीतर उतरल्यावर फोनवर काढ.

गावात फिरायला डॉइचलांडटिकेट. २०२६ मध्ये महिना ६३ युरो. देशभर लोकल गाड्या, मेट्रो, ट्राम, बस चालतात, पण आयसीई-आयसी नाही. कोर्सवाल्यांनी पास दिलाय का ते आधी विचार. डॉइचलांडटिकेटचा पास कॅलेंडर महिन्याचा असतो, म्हणजे तुझा १ ते ३० जून. तारखा महिन्याच्या अलीकडे-पलीकडे असत्या तर दोनदा पैसे गेले असते. पण ही वर्गणी आहे, दर महिन्याला आपोआप कापली जाते. १० तारखेच्या आत रद्द केलीस तरच त्या महिनाअखेरीला थांबते. तू उतरणार ७ ला, हातात तीन दिवस. काढल्या काढल्या ॲपमध्येच रद्द कर, जूनअखेर चालतो. काही ॲप युरोपातलं बँक खातंच मागतात, क्रेडिट कार्ड घेणारं शोध.

फोन बंद पडला तर तपासनीसाच्या लेखी तू विनातिकीट, ६० युरोची पावती. पॉवर बँक जवळ ठेव, ती हँडबॅगेतच. २०,००० एमएएच म्हणजे साधारण ७४ वॉट-तास. १०० पर्यंत चालते.

कृष्णाकाठ_०५

रविवार लक्षातच आला नव्हता, आभार! कुकरचं काय मग? आणि फोडणी दिली की अलार्म वाजतो म्हणतात, खरं का?

उत्तर: मिरज_जंक्शन

कुकरला चुंबक लावून बघ. चिकटला नाही, म्हणजे ॲल्युमिनियमचा, तर इंडक्शनवर तापणारच नाही. काचेची साधी इलेक्ट्रिक शेगडी असेल तर चालतो, मात्र बूड सपाट हवं. कुठली शेगडी आहे ते वसतिगृहाला मेलवर विचार. साध्या शेगडीची काच बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते; तीन शिट्ट्या हव्या असतील तर दोनला बंद कर, तिसरी आपोआप होते. माझं मत विचारशील तर कुकर नकोच. मसूर झाकण ठेवून वीस मिनिटांत शिजते, नि बॅगेत दीड-दोन किलो वाचतात.

अलार्म खरा आहे. तेल धुरावेपर्यंत तापवू नकोस. शेगडीचे आकडे ९ पर्यंत असतील तर ५-६ वर ठेव, मोहरी टाकली की लगेच झाकण, तडतड थांबली की मसाला पातेलं खाली उतरवून घाल. तिखट जळलं तर धूर होतो, शिवाय चौघं खोकतात. खिडकीची मूठ आडवी केली की ती पूर्ण उघडते, वर केली की नुसती कलते. फोडणीला पूर्ण उघड. धूर जावा म्हणून कॉरिडॉरचं दार मात्र उघडू नकोस. तिथला सेन्सर बहुधा इमारतभर घंटा वाजवतो, अग्निशमनवाले आले तर बिल तुझ्या नावावर येऊ शकतं.

पैसे: सुरुवातीला १५०-२०० युरो रोख पुष्कळ, पाच-दहा-वीसच्या नोटांत. यूपीआय विसर. कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात. निघायच्या आधी बँकेच्या ॲपमध्ये सुरू कर. एटीएमनं "रुपयांत हिशेब करू का?" विचारलं तर नाही म्हण, युरोच ठेव, रुपयांचा दर ते आपल्या सोयीनं लावतात. बँकेला जोडलेल्या सिमवर रोमिंग घालून ने, नाहीतर ओटीपी येत नाही नि कार्ड असून नसल्यासारखं.

पाणी नळाचंच पी. बाटली घेतलीस तर प्लास्टिकवर बहुतेक २५ सेंट अनामत असते. बाटली चेपू नकोस, दुकानातलं बाटल्या परत घेणारं मशीन चिन्ह वाचून घेतं, चेपलेली परत ढकलतं. मशीनमधून निघालेली चिठ्ठी काउंटरवर द्यायची.

प्लगचं राहिलं. मोबाईलचा दोन गोल पिनांचा चार्जर बहुतेक बसतो. लॅपटॉपची तीन पिनांची वायर बसत नाही. एकच अडॅप्टर नि इथला छोटा एक्स्टेंशन बोर्ड ने, सगळं भागतं. त्यावर इस्त्री-किटली लावू नकोस.

कृष्णाकाठ_०५

कुकर नि तूप बाहेर काढलं. पेढ्यांवर आईशी बोलणी चालू आहेत.