रिव्ह्यू बघून वस्तू घेणं सोडलंय का तुम्ही?

निळी_छत्री:
चारेक वर्षं एका हेडफोन रिव्ह्यूवाल्याला फॉलो करत होते, माणूस एकदम साधा, पलंगावर बसून बोलायचा, मागे घड्या न घातलेल्या कपड्यांचा ढीग. त्याच्या भरवशावर हेडफोन घेतले आणि दोन महिन्यांत डावी बाजू मुकी. परवा तीच पोस्ट उघडून 'आणखी' वर टॅप केलं तर हॅशटॅगच्या गर्दीत शेवटून दुसरा, 'ॲड'. पैशांचं एक वेळ सोडा, पण मी खात्री म्हणून अजून दोघांचे व्हिडिओ पण बघितले होते, आता परत ऐकले तर तिघांच्याही तोंडी 'बास आहे पण डोक्यात जात नाही' हे वाक्य जसंच्या तसं. म्हणजे विचारलं तिघांना आणि उत्तर दिलं एकानेच. तुम्ही कसं ठरवता कोणाचं ऐकायचं? फॉलोअर, निळी टिक, काय बघता?

जुना_खोडरबर:
टिकचं तर नावच काढू नका. ट्विटरने २००९ मध्ये ती आणली तोतये ओळखू यावेत म्हणून, आणि २०२२ च्या नोव्हेंबरात महिना ८ डॉलरला विकायला काढली तर लगेच कोणीतरी एली लिली या औषध कंपनीच्या नावाने खातं काढून 'इन्सुलिन आता फुकट' असं टाकलं, टिकसकट! खऱ्या कंपनीला माफीचं ट्विट करावं लागलं.

उगाच_शहाणा:
'ॲड' लिहिलं म्हणजे झालं असंही नाही. किम कार्दशियनने क्रिप्टोच्या पोस्टमध्ये ॲड लिहिलं होतं, पण अडीच लाख डॉलर घेतलेत हे नव्हतं सांगितलं, २०२२ मध्ये अमेरिकेच्या एसईसीशी, म्हणजे तिथल्या शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेशी, तडजोड करून १२.६ लाख डॉलर भरावे लागले.
आणि तो कपड्यांचा ढीग, त्यानेच फसलात तुम्ही. हॉर्टन आणि वोल या दोन संशोधकांनी १९५६ मध्येच लिहून ठेवलंय की टीव्हीवरचा माणूस थेट आपल्याशी बोलल्यासारखा बोलला की ओळख असल्यासारखं वाटायला लागतं, एकतर्फीच. आता तर तो कमेंटला हार्ट पण देतो, मग काय. मी सरळ कमेंट 'नवीन आधी' लावतो आणि सहा महिने वापरून परत आलेले लोक शोधतो, बाकी सगळं करमणूक.

मधली_सुट्टी:
माझं स्वतःचं छोटं चॅनल आहे म्हणून सांगते, तीन जणांच्या तोंडी एकच वाक्य येतं ते ब्रीफमधून. ब्रँडवाले मुद्दे पाठवतात, आपल्या शब्दांत सांगा म्हणतात पण डेडलाइन उद्याची असते, मग कोण शब्द बदलत बसतंय. मला एकदा ब्रीफमध्ये आलं होतं, 'एक तोटा सांगा म्हणजे खरं वाटेल'. मी सांगितला. लाज वाटली थोडी, पण सांगितला.

निळी_छत्री:
@मधली_सुट्टी थांबा थांबा, तोटा कुठला सांगायचा ते पण लिहिलेलं असतं?? माझ्यावाल्याने चार्जिंगची वायर आखूड आहे म्हणून चांगली दोन मिनिटं कुरकुर केली होती आणि तिथेच मी म्हटलं, हा माणूस खरं बोलतोय.

मधली_सुट्टी:
तेव्हा यादीच होती, त्यातला एक निवडायचा. मी 'रंग दोनच आहेत' घेतला होता.