गोव्याच्या किनाऱ्यावरून रॉकेट का सोडत नाहीत? चौथीतल्या मुलाला काय सांगू?

पेडण्याची_बाई

नमस्कार. पेडणे तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत मी शिकवते. चौथीत अकरा मुलं आहेत, बहुतेकांची घरं रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, नाहीतर होडीवर चालतात. 29 जानेवारी 2025 ला श्रीहरिकोट्याहून शंभरावं उड्डाण झालं. ते सकाळी सव्वासहाच्या सुमाराचं, म्हणून शाळा भरल्यावर माझ्या मोबाइलवर आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं. धूर विरला आणि आमच्या किनाऱ्यावरच्या केरी गावचा एक मुलगा म्हणाला, "बाई, दर्या तर आपल्याकडेही आहे. मग रॉकेट इथून का नाही सोडत?"

मी फेरीबोटीचा दाखला दिला. तेरेखोलच्या फेरीतून बोट चालते त्या दिशेला चेंडू फेकला तर बोटीचा वेग त्याला फुकट मिळतो, उलट फेकला तर तेवढाच वेग वाया जातो. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून रॉकेट पूर्वेकडे सोडायचं. आपला समुद्र पश्चिमेला आणि पूर्वेला सह्याद्री. वर्गाला पटलं, त्याला नाही. "तुम्हीच सांगितलं होतं, काही उपग्रह उत्तर-दक्षिण फिरतात. मग दक्षिणेला सोडा की. तिकडे दर्याच दर्या."

इथे माझं उत्तर संपलं. घरी येऊन वाचलं तर तमिळनाडूत कुलशेखरपट्टणमला नवं प्रक्षेपण केंद्र उभं राहतंय, आणि तेही दक्षिणेकडे सोडण्यासाठीच! म्हणजे त्याचा विचार चुकीचा नव्हता. मग ते तिथे का आणि केरीला का नाही? कुणी नकाशावर टिकेल असं उत्तर द्याल का? त्याला गप्प बसवणारं नको. भारतीय माणूस 2040 पर्यंत चंद्रावर उतरवायचं ठरलंय, त्या वर्षी ही मुलं चोवीस-पंचवीस वर्षांची असतील. त्यांचे प्रश्न आता विझले तर मला चैन पडणार नाही.

वाळपईचा_सिव्हिल

बाई, त्या मुलाला आधी शाबासकी द्या.

आता एक दोरा घ्या आणि भिंतीवरच्या नकाशावर केरीपासून सरळ खाली ओढा. दक्षिणेला दर्याच दर्या दिसतो, पण दोरा आधी लक्षद्वीपच्या बेटांत जातो आणि पुढे मालदीववर. मालदीवची बेटं उत्तर-दक्षिण माळेसारखी पसरलीत, जवळजवळ आपल्याच रेखांशावर. ध्रुवांवरून फिरणाऱ्या बऱ्याच उपग्रहांचा मार्ग दक्षिणेच्या किंचित पश्चिमेला कलतो. तसा दोरा कलवून बघा, तरी तो बेटांतच अडकेल.

बेटं आली तर काय बिघडतं? रॉकेट वर जाताना एकेक टप्पा जळून सुटतो आणि शेकडो किलोमीटर पुढे पडतो. तो पडतो तिथे माणूस नको. शिवाय उड्डाण फसलं तर जळतं इंधन पोटात घेऊन सगळंच खाली येतं. श्रीहरिकोट्याहून एसएलव्ही-3 या भारताच्या सुरुवातीच्या रॉकेटचं पहिलं उड्डाण ऑगस्ट 1979 मध्ये झालं, ते बंगालच्या उपसागरात पडलं. 18 जुलै 1980 ला तेच रॉकेट यशस्वी झालं. म्हणून जागा शोधताना जमिनीइतकाच तिच्यापुढचा समुद्र बघतात.

आता दोरा श्रीहरिकोट्यावर धरा. पूर्वेला मोकळं आहे, पण सरळ दक्षिणेच्या वाटेत श्रीलंका येते. म्हणून तिथून ध्रुवीय कक्षेत जाणारं रॉकेट आधी आग्नेयेला निघतं आणि वर गेल्यावर दक्षिणेकडे वळतं. हे आडवळण इंधन खातं. पीएसएलव्हीला, म्हणजे सुमारे 320 टनांच्या रॉकेटला, ते परवडतं. एसएसएलव्ही हे लहान उपग्रहांचं रॉकेट मात्र जेमतेम 120 टनांचं, 34 मीटर उंच. 500 किलोमीटर उंचीवर ते नेणार किती, तर जास्तीत जास्त 500 किलो. म्हणजे एक किलो वर न्यायला जमिनीवर 240 किलो लागतात. अशा रॉकेटला वळणात गेलेलं इंधन थेट उपग्रहाच्या वजनातून कापावं लागतं.

मग अशा लहान रॉकेटसाठी कुलशेखरपट्टणम. तूत्तुकुडी जिल्हा, अक्षांश साधारण साडेआठ. श्रीलंका पूर्वेला राहते, मालदीव बरंच पश्चिमेला, आणि मधून दोरा ओढलात तर थेट अंटार्क्टिका. त्या जागेचं मोल या दोऱ्यात आहे. 28 फेब्रुवारी 2024 ला पायाभरणी झाली, जमीन 2,233 एकर, अंदाजे खर्च 986 कोटी.

फेरीबोटीचा दाखला अगदी बरोबर आहे, त्याला आकडाही द्या. विषुववृत्तावर जमीन सेकंदाला 465 मीटर वेगाने पूर्वेला धावते, गोव्यात सुमारे 448. पश्चिमेला सोडलं तर हा वेग मिळत नाहीच, उलट तेवढाच आणखी मारून काढावा लागतो. तरीही एक देश पश्चिमेला सोडतो. इस्राएलच्या पूर्वेला शेजारी देश, म्हणून 1988 पासून ते भूमध्य समुद्रावरून पृथ्वीच्या उलट दिशेने उपग्रह पाठवतात आणि उपग्रह हलका ठेवून त्याची किंमत मोजतात. आपल्याला पूर्व किनारा आहे, मग हा तोटा कशाला?

मी एका ठेकेदाराकडून श्रीहरिकोट्यात काँक्रीटच्या कामावर होतो. लोकांना मनोरा दिसतो, पण खरं काम खाली असतं. रॉकेटची ज्वाळा थेट जमिनीवर आपटली तर उसळून रॉकेटलाच खाईल. म्हणून खाली उताराची खोल चर करतात, ज्वाळा तिच्यातून बाजूला निघून जाते. आवाजाचंही तसंच. तो जमिनीवरून परतून वर बसवलेल्या उपग्रहाला इजा करू शकतो, म्हणून उड्डाणाच्या वेळी पाण्याचे लोट सोडून तो मारतात. टीव्हीवर दिसतो त्या पांढऱ्या ढगात बरीच वाफ असते. आणि खारं वारं! आपल्याकडे खिडकीचे गज गंजतात तसंच तिथेही. सळीवर काँक्रीटचं कव्हर पाच मिलीमीटर कमी भरलं तरी साहेब भिंत तोडायला लावायचे. तेव्हा राग यायचा. आता गगनयानात, म्हणजे माणसं नेणाऱ्या आपल्या यानात, तीन जण त्याच श्रीहरिकोटा बेटावरून निघणार आहेत म्हटल्यावर ती शिस्त कशासाठी होती ते कळतं. तिथे तिसरा लाँच पॅडही मंजूर झालाय, जानेवारी 2025 मध्ये, 3,984.86 कोटींचा, पुढच्या पिढीच्या मोठ्या रॉकेटसाठी. मुलांना सांगा, तिथे शास्त्रज्ञ लागतात तसे वेल्डर, फिटर, सर्व्हेयरही लागतात. आयटीआयवाल्या पोरांच्या हातांना मी तिथे फार मान मिळताना पाहिलाय.

कुर्डीची_नात

वरचं उत्तर वाचून दोऱ्याचं गणित कळलं. मला जमिनीबद्दल लिहायचंय.

आमचं घर सांग्यातल्या कुर्डीला होतं, ते साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं. मे महिन्यात पाणी उतरतं तेव्हा जोती दिसतात, आणि गावचे लोक देवळाकडे जमतात. मागच्या खेपेला आजीने मला आमच्या तुळशीची जागा दाखवली. दक्षिण गोव्याला पाणी मिळालं, ते मला मान्य आहे. पण 2,233 एकर हा आकडा वाचला की तिथे कुणाची तुळस असेल हेच आधी मनात येतं.

बाई, मुलांना थुंबाची गोष्ट सांगा. केरळातलं हे कोळ्यांचं गाव, चुंबकीय विषुववृत्ताच्या, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या मधल्या रेषेच्या, अगदी जवळ, म्हणून डॉ. विक्रम साराभाईंना ते हवं होतं. तिथे सेंट मेरी मॅग्डलीनचं चर्च होतं. बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांनी भाविकांपुढे गोष्ट मांडली, आणि लोकांनी चर्च आणि घरं सोडली. 21 नोव्हेंबर 1963 ला तिथून पहिलं रॉकेट उडालं. चर्चमध्ये सुरुवातीला कचेरी होती, आज तिथे अंतराळ संग्रहालय आहे. इमारत पाडली नाही, हे मला फार मोठं वाटतं. श्रीहरिकोटा बेटावर यानादी लोक राहायचे, त्यांनाही हलावं लागलं. त्यांच्याबद्दल मात्र पाठ्यपुस्तकात मी एक ओळ वाचलेली नाही.

मी रॉकेटच्या विरोधात नाही. चक्रीवादळाची आगाऊ सूचना उपग्रहामुळे मिळते आणि दर्यावरची माणसं वाचतात. पण ज्यांनी जागा दिली त्यांचंही नाव मुलांना पाठ असावं.

वास्कोचा_विनय

एक छोटी भर. दोरा अंटार्क्टिकापर्यंत जातोच आहे, तर मुलांना वास्कोला हेडलँड सड्यावर आणा. ध्रुवीय आणि सागरी संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र तिथेच आहे, आपल्या अंटार्क्टिका मोहिमांची आखणी गोव्यातून होते. तिकडच्या भारती तळावर इस्रोचं उपग्रहांची माहिती उतरवून घेणारं केंद्रही आहे. ध्रुवीय उपग्रह प्रत्येक फेरीत ध्रुवाजवळून जातात, म्हणून तिथे ते दिवसातून कितीतरी वेळा भेटतात. गोव्यातून रॉकेट उडत नसलं तरी त्या दोऱ्याचं दुसरं टोक गोव्याने धरलंय.

पेडण्याची_बाई

सगळ्यांचे मनापासून आभार. आज वर्गात दोरा ओढला. केरीवरून त्याने स्वतः ओढला, मालदीवपर्यंत गेला आणि "हांऽ" म्हणाला. मग कुलशेखरपट्टणमवरून. अकराही मुलं बाकांवर चढली होती. थुंबाची गोष्टही सांगितली, तेव्हा वर्ग एकदम शांत झाला. चर्चमधल्या माणसांनी घरी जाऊन काय केलं असेल, असं एका मुलीने विचारलं.

शाळा सुटताना तो परत आला. त्याचे वडील रापणीवर तांडेल, म्हणजे म्होरके, आहेत. "बाई, रॉकेट उडतं त्या दिवशी तिथले लोक रापण घालतात का?"

वाळपईचा_सिव्हिल

नाही घालत, बाई. उड्डाणाआधी मच्छीमारांना आणि जहाजांना सूचना जाते आणि ठरलेला पट्टा मोकळा ठेवावा लागतो. उड्डाण पुढे ढकललं तर पुन्हा तेच. मी तिथे होतो तेव्हा त्या दिवशी होड्या काठावर ओळीने लावलेल्या पाहिल्यात. त्या दिवशीच्या मासळीचं काय, हे मी त्या लोकांना कधी विचारलं नाही. ते त्याने विचारलं.