अतिनील-अवरक्त दिसलं असतं तर? मला तरी हवंय!

माळरान: काल लाईट गेल्यावर नातीने एक गंमत दाखवली. टीव्हीचा रिमोट मोबाईलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबलं, तर टोकाला जांभळट ठिपका लुकलुकला! नुसत्या डोळ्यांना काही म्हणजे काही दिसत नव्हतं. तेव्हापासून डोक्यात भुंगा. प्रकाशलहरींची लांबी ३८० ते ७५० नॅनोमीटर, एवढ्याशा फटीतून आपण जग बघतो. त्याहून आखूड लहरी अतिनील, त्याहून लांब अवरक्त, दोन्ही आपल्याला दिसत नाहीत. मधमाशीला पाकळ्यांवरच्या अतिनील खुणा दिसतात, सह्याद्रीतल्या चापडा सापाला काळोखात उंदराची ऊब कळते. आपणच तेवढे कोरडे. कुणी देत असेल तर मी दोन्ही घेईन.

वायफळ_विज्ञान: चापडा ते डोळ्यांनी बघत नाही हो. डोळा आणि नाकपुडीच्या मधल्या खड्ड्यात पातळ पडदा असतो, तो तापतो. रिमोटचा उजेड अवरक्त, साधारण ९४० नॅनोमीटरचा, दृश्य पट्ट्याला लागूनच. अंगाच्या उबेची लहर त्याच्या दसपट लांब, डोळ्यातल्या पाण्यातच जिरते. आणि नाही जिरली तरी डोळा स्वतःच ३७ अंशांवर! कॅमेऱ्याच्या पोटात दिवा लावून फोटो काढा, मग कळेल.

माळरान: बरं बाबा, अवरक्त सोडलं. अतिनीलला तर आपल्याच डोळ्यातलं भिंग आडवं येतं ना?

सोडावॉटर_चष्मा: येतं ते बरंच आहे. डोळ्यांच्या दवाखान्यात माझी तीस वर्षं गेली. पूर्वी मोतीबिंदू काढला की आत भिंग बसवत नसत, बाटलीच्या बुडासारखा चष्मा मिळायचा. अशा डोळ्याला थोडं अतिनील दिसतं, पण नवा रंग वगैरे नाही, निळसर पांढुरकं. रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी तीनच प्रकारच्या, तिन्ही थोड्याथोड्या चाळवतात, झालं. चित्रकार मोनेचं ऑपरेशन १९२३ सालचं. नंतर सगळं निळं दिसतं म्हणून त्याची कुरकुर, शेवटी रंगीत काचांचा चष्मा लावावा लागला.

वायफळ_विज्ञान: म्हणजे फुकटची चकाकी.

रानजाई: तुम्ही दोघं हिशेबच मांडत बसा. नवा रंग नसेना का, मधमाशीची खूण पुसट तरी दिसेल! अर्धी लॉटरी लागली तर कुणी परत करतं का?

सोडावॉटर_चष्मा: अतिनीलने डोळ्याचा पडदा खराब झाल्यावर तिकीट परत घेत नाहीत, ताई. म्हणून तर हल्लीच्या कृत्रिम भिंगात अतिनील गाळणी असते.

माळरान: माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. गाळणी नसलेलं भिंग मिळेल का, विचारू डॉक्टरांना?

सोडावॉटर_चष्मा: विचारा. आणि येताना गॉगल घेऊन या.