साडेपाच हजारांची गिटार : उघडायची की विकायची?

पाचवा_फ्रेट
पुण्यात सेकंड-हँड साडेपाच हजारांना घेतलेली स्ट्रॅटच्या (फेंडर कंपनीच्या प्रसिद्ध गिटारीच्या) आकाराची इलेक्ट्रिक गिटार सात महिने माझ्याकडे आहे. घेतली तेव्हा पहिल्या फ्रेटवर (दांडीवरच्या पहिल्या धातूच्या पट्टीपाशी) एफचा बार, म्हणजे एका बोटानं सगळ्या तारा दाबायचा कॉर्ड, धरला की बोटं सोलवटून निघायची, तार ओढली की सूर उतरायचा, आणि अ‍ॅम्प लावला की सतत घूंऽऽ. ओळखीच्या चौघांनी एकच सल्ला दिला, विकून टाक आणि पैसे साठव. मी ऐकलं नाही. माझं म्हणणं आहे की ज्याला स्वस्त गिटार घ्यावी लागते त्यानं ती उघडायला शिकलंच पाहिजे.

बॉडी आणि नेक (तारांखालची लांब दांडी) आज मशीनवर कापतात, आणि मशीन स्वस्त गिटारीसाठी मुद्दाम वाकडं कापत नाही. कंपनी वाचवते तो माणसाचा वेळ. फ्रेटची टोकं घासणं, नटच्या (नेकच्या टोकाला तारा टेकतात त्या छोट्या पट्टीच्या) खाचा हव्या तेवढ्या खोल नेणं हे हाताचं काम. ते अर्ध्यावर सोडून गिटार खोक्यात भरतात. राहिलेलं काम आपण करायचं, इतकंच.

नटचं सांगतो. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबायची आणि पहिल्या फ्रेटवर किती फट राहते ते बघायचं. पातळ कागद जेमतेम सरकेल एवढी पुरे. माझ्या सहाव्या तारेखालून जाड पुठ्ठा जात होता. बारीक कानशीनं दोन घासे मारायचे, तार खाचेत बसवायची, सुरात लावायची, परत बघायचं. पूर्ण संध्याकाळ गेली तेव्हा दोन खाचा झाल्या. शेवटी पेन्सिलीचं शिसं खाचांत घासलं, तेव्हापासून तार ओढली तरी सूर जागेवर येतो.

घूं कमी व्हावं म्हणून बॉडीतल्या वायरिंगच्या पोकळीला तांब्याची टेप लावली. तारांना हात लावला की आवाज कमी व्हायचा, म्हणजे ब्रिजची (बॉडीवर तारा टेकतात त्या भागाची) अर्थिंगची वायर सुटली असणार असं धरून तीही नव्यानं सोल्डर केली. तापकीर गल्लीतून आणलेले पॉट (आवाज कमी-जास्त करायच्या बटणांखालचे भाग), टेप, कानशी आणि नव्या तारा धरून तेराशे रुपये गेले. पिकअप (तारांचं कंपन पकडणारे चुंबकाचे भाग) अजून मूळचेच आहेत, आणि माझ्या मते ते सगळ्यात शेवटी बदलावेत.

रिहर्सल_रूम
पूर्ण असहमत. पंधरा वर्षं बँडमध्ये वाजवतोय आणि शिकवतोय. तुम्ही तेराशेवर थांबलात, पण बहुतेक मुलं थांबत नाहीत. आधी पिकअप, मग ब्रिज, मग खुंट्या. साडेपाच हजारांच्या गिटारीत नऊ हजार घालतात, आणि विकायला गेलं की घेणारा पाच हजार हातावर ठेवतो. त्याच पैशांत नीट फ्रेट असलेली वापरलेली गिटार आली असती.

शिवाय नवे भाग सरळ बसतही नाहीत. स्वस्त गिटारीत छोटे पॉट असतात, चांगल्या पॉटचा दांडा जाड, म्हणून भोक मोठं करावं लागतं. मुलगा ड्रिल मारतो आणि पिकगार्ड (बॉडीवरची प्लॅस्टिकची पाटी) तडकतं. माझा एक विद्यार्थी तीन महिने सुटे भाग मागवत बसला. त्याला आजही बार कॉर्ड स्वच्छ वाजवता येत नाही. तेवढ्या वेळात तो शिकला असता.

मिरज_लाइन
माझी हरकत पैशांची नाही, हाताची आहे. आमच्या मिरजेत सतारी-तंबोऱ्यांचं काम एकोणिसाव्या शतकापासून चालत आलंय. फरीदसाहेब सतारमेकरांपासून. घोडीची जवारी काढायला, म्हणजे तारेचा झणकार खुलावा म्हणून घोडी घासायला, बसलेला माणूस किती हलक्या हातानं कानस फिरवतो ते मी लहानपणापासून बघतोय. घासा मारायचा, तार छेडायची, कान लावायचा. त्यांची मुलं आधी कित्येक वर्षं नुसती शेजारी बसून बघतात. कानशीनं काढलेलं परत येत नाही. नटची खाच जरा खोल गेली की मोकळी तार पहिल्या फ्रेटवर खर्र वाजणार. हे काम जाणकाराकडेच द्यावं.

पाचवा_फ्रेट
मिरज_लाइन, तुमचं वर्णन वाचून मला माझीच संध्याकाळ आठवली, घासा आणि कान. पण नट हा दीड-दोनशे रुपयांत मिळणारा तुकडा आहे, काढून नवा चिकटवता येतो. खाच खोल गेलीच तर खाण्याच्या सोड्याची पूड आणि सुपरग्लू भरून पुन्हा घासता येते. माझ्या एका खाचेत मी तेच केलंय आणि ती टिकलीय. चूक करून शिकायला यापेक्षा योग्य वाद्य कुठलं? तंबोऱ्याच्या घोडीवर हात साफ करा असं मी कधीच म्हणणार नाही.

रिहर्सल_रूम, तुमचा राग खरेदीवर आहे, आणि तो मला मान्य आहे. भाग मागवणं म्हणजे दुरुस्ती नव्हे.

नाशिकची_सर्किट
मी इलेक्ट्रॉनिक्सवाली आहे, म्हणून एक चूक दुरुस्त करते. तारांना हात लावल्यावर आवाज कमी होत होता, याचा अर्थ अर्थिंगची वायर जोडलेली होती. तुमचं शरीर आसपासचा विजेचा गोंगाट पकडतं, आणि तारांना हात लागला की तो जमिनीकडे जातो. वायर सुटलेली असती तर हात लावून काही फरक पडला नसता किंवा उलट आवाज वाढला असता. तुम्ही धडधाकट जोड काढून पुन्हा केलात.

तांब्याची टेपही खर्रखर्र कमी करते, पण सिंगल कॉइलचा (एकाच कॉइलच्या पिकअपचा) ५० हर्ट्झचा हम तिनं जात नाही. तो चुंबकीय असतो, पातळ तांबं त्याला अडवू शकत नाही. त्यासाठीच १९५० च्या दशकात गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी एकमेकींच्या उलट दिशेच्या दोन कॉइल वापरून हमबकर पिकअप केला.

आणि हे सगळ्यांनी वाचा. जुन्या घरांत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण मागे अर्थिंग नसतं. गिटारीच्या तारा अ‍ॅम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात. अ‍ॅम्पमध्ये दोष निघाला तर करंट थेट बोटांत येतो. गिटार जरूर उघडा, पण आधी इलेक्ट्रिशियनकडून सॉकेट तपासून घ्या. अ‍ॅम्प उघडू नका, विशेषतः व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा). प्लग काढल्यावरही त्यातले कपॅसिटर जिवावर बेतण्याइतका चार्ज धरून ठेवतात.

पाचवा_फ्रेट
मनापासून आभार. चूक कबूल. सॉकेट उद्याच तपासून घेतो.

पाचगणी_६८
क्वीनच्या ब्रायन मे यांनी १९६३ मध्ये, सोळा वर्षांचे असताना, वडिलांबरोबर घरीच गिटार बनवायला घेतली. नेक जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडाचा, ट्रेमोलोला (दांडा हलवून सूर वरखाली करायच्या यंत्रणेला) मोटरसायकलच्या स्प्रिंगा, फ्रेटबोर्डवरचे ठिपके आईच्या शिवणाच्या डब्यातल्या बटणांचे. विकतची गिटार परवडत नव्हती म्हणून. तीच गिटार ते आजवर मंचावर वाजवत आलेत. त्यांच्या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी आमच्या पाचगणीच्या शाळेत शिकला, म्हणून ही गोष्ट मला घरची वाटते. पैसे नसलेल्या मुलाला "साठव" म्हणणं सोपं आहे. त्याची आजची संध्याकाळ कशी जाणार?

रिहर्सल_रूम
गोष्ट खरी आहे, पण मे यांचे वडील इलेक्ट्रॉनिक्सचे जाणकार होते आणि दोघांनी मिळून त्यावर सुमारे दोन वर्षं घालवली. शेजारी जाणता माणूस होता. मिरज_लाइन तेच सांगतायत. माझ्या विद्यार्थ्यांच्या घरी असं कोणी नसतं, व्हिडिओ असतात. व्हिडिओ बघून एकानं ट्रस रॉड (नेकचा बाक सांभाळणारा आतला गज) एका दमात पूर्ण दोन फेरे आवळला. नेक मागे वाकला आणि रॉडचा आवळायचा नटही झिजला.

फोंडा_बेस
पाव फेरा, मग तारा सुरात लावून एक रात्र थांबायचं. आमच्या गोव्यात पावसात नेक हलतो, एप्रिलमध्ये परत हलतो, दर वेळी दुरुस्तीवाल्याकडे पणजीला जायचं म्हटलं तर वाजवायचं कधी? सॅडलचे (ब्रिजवर तार टेकते त्या तुकड्यांचे) स्क्रू खाऱ्या हवेनं जाम होतात, तेलाचा एक थेंब महिन्याला. एवढं तरी प्रत्येकाला यायला हवं.

रिहर्सल_रूम
एवढं मान्य. तारा, सॅडल, ट्रस रॉडचा पाव फेरा. फ्रेट घासणं आणि ड्रिल नाही. यापेक्षा जास्त मी मान्य करणार नाही.

सावंत_काकू
माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे, दिवाळीत सहा हजारांची गिटार घेऊन दिली. हे वाचून पेचकस हातात घेऊन बसलाय. करू देऊ का?

रिहर्सल_रूम
काकू, पहिलं वर्ष नको. नुसतं वाजवू द्या.

पाचवा_फ्रेट
काकू, पेचकस ठेवायला सांगा, पण तारा त्यालाच बदलू द्या. सगळ्या एकदम काढायच्या नाहीत. एक काढायची, तिथे नवी लावायची, मग पुढची. नाहीतर ट्रेमोलोच्या स्प्रिंगांवरचा ताण बदलून ब्रिज मागे बसतो.

सावंत_काकू
दोन तास लागले. सहावी तार खुंटीवर उलटी गुंडाळली गेली होती, ते त्याच्याच लक्षात आलं. आता पुन्हा लावतोय.