व्हाइट पाइन आतून पिवळा पडलाय, तोडावा का?

प्रश्न (न्यू जर्सी):
घरामागे व्हाइट पाइनची, म्हणजे सुईसारख्या पानांची, तीन जुनी सदाहरित झाडं आहेत. ऑक्टोबर लागला आणि बघता बघता आतून पिवळी पडली. वाफ्यात, पन्हळीत सगळीकडे सुयाच सुया. झाडं तोडणारा बघून गेला, म्हणाला रोग आहे, तिन्ही काढा. सदाहरित झाड असं गळतं का? मला तोडायची नाहीत हो.

उत्तर (मॅसॅच्युसेट्स):
ताई, कुऱ्हाड लावू देऊ नका! आधी एक फांदी हातात धरून बघा. टोकाकडच्या, म्हणजे यंदाच्या सुया हिरव्या आणि फक्त आतल्या पिवळ्या असतील, तर झाड ठणठणीत आहे. पाच-पाच सुयांचा झुबका असतो ना, तो जेमतेम दोन-तीन वर्षं टिकतो. जुने झुबके शरदात एकदमच गळतात, म्हणून झाड दोनरंगी दिसतं आणि पोटात धस्स होतं. आंब्याची जुनी पानं गळतात तरी आंबा हिरवाच राहतो, तसंच हे. स्प्रूस (पाइनसारखंच सुयांचं झाड) सुया बरीच वर्षं धरून ठेवतो, त्यामुळे त्याची गळ डोळ्यांत भरत नाही.

उन्हाळा कोरडा गेला असेल तर गळ जास्त होते. जमीन गोठेपर्यंत मुळांशी सावकाश, खोलवर पाणी द्या. पन्हळ मात्र साफ करा. बाकी सुया झाडाखालीच पसरा, उत्तम आच्छादन होतं. त्यांनी माती आंबट होते म्हणतात, पण फरक नगण्य असतो.

काळजी कधी करायची? फांद्यांचे शेंडे तपकिरी झाले, किंवा मे-जूनमध्ये मागच्या वर्षीच्या सुया गळू लागल्या तर. तो बुरशीचा त्रास असू शकतो.

उत्तर (अल्मोडा, उत्तराखंड):
इथे चीड आहे, म्हणजे आमच्याकडचा पाइन, तीन सुयांचा झुबका. तो ऐन उन्हाळ्यात गळतो. वाळलेल्या सुयांना इथे पिरूल म्हणतात. डोंगरउतारावर थर साचतो, पाय ठेवला की सर्रकन घसरतो आणि ठिणगी पडली की वणवा. तुमच्याकडेही कोरड्या दिवसांत भिंतीलगत ढीग ठेवू नका.

प्रश्नकर्ती:
आत्ताच बघून आले. दोन झाडांचे शेंडे हिरवेगार! तिसऱ्याच्या खालच्या एका फांदीला मात्र टोकालाही तपकिरी सुया आहेत.

उत्तर (मॅसॅच्युसेट्स):
मग त्या एकाच फांदीचं बघायचं. बुंध्याजवळ साल फुटलीय का, पांढरट चीक गळतोय का ते तपासा आणि फोटो टाका. तोडणाऱ्याला नका विचारू, काउंटीच्या एक्स्टेन्शन ऑफिसात, म्हणजे शेती-बागकामाचा सल्ला देणाऱ्या सरकारी कार्यालयात, नमुना दाखवा.