एफएफएमपेग : मेमरी लीकची दुरुस्ती आणि कोडची साफसफाई एकाच पॅचमध्ये पाठवावी का?

प्रश्न : अर्धीफ्रेम

नमस्कार. एफएफएमपेग या व्हिडिओ-ऑडिओ हाताळणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरमधील एका जुन्या गेमच्या व्हिडिओ फॉरमॅटच्या डीमक्सरमध्ये (फाइल वाचून तिच्यातील व्हिडिओ आणि ऑडिओ वेगळे काढणाऱ्या भागात) मला मेमरी लीक, म्हणजे घेतलेली मेमरी परत न सोडण्याचा दोष, सापडला आहे. हेडर (फाइलच्या सुरुवातीची माहिती) वाचताना फ्रेमच्या तक्त्यासाठी मेमरी घेतली जाते. पुढे हेडर तुटलेले निघाले, तर फंक्शन एरर देऊन परतते आणि ती मेमरी तशीच अडकून राहते. चांगली फाइल मध्येच कापून ती व्हॅलग्राइंड या मेमरी तपासणाऱ्या साधनाखाली चालवली की ‘डेफिनिटली लॉस्ट’ ही नोंद दर वेळी येते. फाइल बंद करणारे ‘रीड क्लोज’ हे फंक्शन ती मेमरी व्यवस्थित सोडते, पण या वाटेवर ते बोलावलेच जात नाही, असे दिसते.

त्याच फाइलमध्ये इंडेंटेशन कुठे दोन स्पेसचे, कुठे चारचे आहे, काही व्हेरिएबल कुठेच वापरलेली नाहीत आणि एकच तपासणी अनेक ठिकाणी उतरवलेली आहे. दुरुस्ती आणि साफसफाई एकाच पॅचमध्ये (प्रकल्पाला पाठवायच्या बदलांच्या संचात) पाठवली तर चालेल का? शिवाय मेमरी सोडण्याची ओळ प्रत्येक ‘रिटर्न’च्या आधी घालावी का?

उत्तर : बिटरीडर

आपले निरीक्षण बरोबर आहे. हेडर वाचणारे फंक्शन अपयशी ठरले तर एफएफएमपेग आपणहून ‘रीड क्लोज’ बोलावत नाही. आवराआवर डीमक्सरनेच करायची असते. मात्र प्रत्येक ‘रिटर्न’च्या आधी ओळ घालत बसू नका, कारण उद्या कोणी आणखी एक तपासणी वाढवली की तिथे ती ओळ राहून जाईल आणि लीक पुन्हा उगवेल. डीमक्सरच्या वर्णनात ‘इनिट क्लीनअप’ हा फ्लॅग लावण्याची सोय आहे. तो लावला की हेडर वाचताना एरर आली तरी ‘रीड क्लोज’ चालते.

दुरुस्ती अशी एका ओळीची होते, पण ती ओळ लिहिण्यापूर्वी ‘रीड क्लोज’ पूर्ण वाचा. आजवर ते फंक्शन सगळी मांडणी पुरी झाल्यावरच चालत होते. आता ते अर्धवट मांडणीवरही चालणार आहे. डीमक्सरला स्वतःची जागा सुरुवातीला शून्यांनी भरलेली मिळते आणि नल (कोणत्याही मेमरीकडे न दाखवणारा) पॉइंटर सोडायला सांगितला तरी काही बिघडत नाही, म्हणून साध्या बफरची चिंता नाही. परंतु हेडरमधून वाचलेल्या संख्येइतक्या वेळा फिरून तक्त्यातील एकेक नोंद सोडणारा लूप तिथे असेल, तर संख्या वाचून झाली आहे आणि तक्ता अजून घेतलेला नाही, ही मधली अवस्था घातक ठरते. तिथे प्रोग्रॅम कोसळेल, आणि ते लीकपेक्षा वाईट आहे.

उत्तर : जुनीशाखा

दोन्ही कामे एकत्र पाठवू नका. एफएफएमपेगच्या जुन्या आवृत्त्यांच्या शाखा बराच काळ सांभाळल्या जातात. लिनक्सच्या डेबियन १२ मध्ये एफएफएमपेगची ५.१ आवृत्ती आहे, तर उबुंटू २२.०४ मध्ये ४.४. आपली एका ओळीची दुरुस्ती या शाखांवर सहज उतरवता येईल. तीच दुरुस्ती शेकडो हललेल्या ओळींत गुंतलेली असेल, तर जुन्या शाखेवर पॅच लागणारच नाही आणि कोणाला तरी ती हाताने वेगळी काढावी लागेल. रिव्ह्यू करणाऱ्यालाही इंडेंटेशनच्या गर्दीत खरा बदल शोधावा लागतो. पुढे कधी गिट बायसेक्ट करून (बदलांचा इतिहास निम्मा-निम्मा तपासत) बिघाड एका कमिटपर्यंत, म्हणजे नोंदवलेल्या एका बदलापर्यंत, आणला, तर त्या कमिटमध्ये एकच गोष्ट असणे किती मोलाचे असते, हे शोधणाऱ्यालाच कळते.

या प्रकल्पातील एक रीत मला फार पटते. जुन्या ओळींभोवती नवा ‘इफ’ घालावा लागला, तरी दुरुस्तीच्या पॅचमध्ये आतल्या ओळी मुद्दाम जागच्या जागी ठेवतात आणि त्या आत सरकवण्याचे काम लगेच पुढच्या पॅचमध्ये करतात. काही काळ कोड वाकडा दिसतो, पण काय बदलले ते लख्ख दिसते.

उत्तर : चेकसम

साफसफाईबद्दल थोडे. ‘फेट’ ही चाचणीमाला डीकोड झालेल्या फ्रेमचे चेकसम जपून ठेवलेल्या चेकसमशी ताडून पाहते. नमुना फाइली ‘मेक फेट-आरसिंक’ने उतरवून घ्या, प्रत्येक पॅचनंतर चाचण्या चालवा, आणि साफसफाईच्या पॅचने एकही चेकसम बदलू देऊ नका. बदलला, तर ती साफसफाई उरत नाही.

तरीही केवळ फेटवर विसंबू नये, कारण तिथल्या बहुतेक नमुना फाइली धडधाकट असतात. बाइट वाचणाऱ्या फंक्शनांचे दोन संच पाहा. एक संच प्रत्येक वेळी बफर संपला का ते तपासतो. दुसरा, ज्याच्या नावाच्या शेवटी फक्त ‘यू’ हे अक्षर जास्त असते, तपासत नाही, कारण पुरेसे बाइट शिल्लक असल्याची खात्री बोलावणाऱ्याने आधीच केलेली असते. अनेकदा आलेली तपासणी एकत्र करताना ती या दुसऱ्या संचाच्या वाचनानंतर गेली, तर फेट निमूटपणे पास होईल आणि बिघडवलेली फाइल मात्र बफरच्या पलीकडे वाचायला लावेल. म्हणून अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीचा चुकीचा वापर पकडणारी सोय) लावून केलेल्या बिल्डवर आपली कापलेली फाइलही चालवा, आणि ती वेगवेगळ्या ठिकाणी कापून पाहा.

अर्धीफ्रेम

मनःपूर्वक आभार. ‘रीड क्लोज’मध्ये तसा लूप खरोखरच आहे, आणि फ्रेमची संख्या तक्ता घेण्याआधीच वाचली जाते. तक्ता नल आहे का ही तपासणी आधी वेगळ्या पॅचमध्ये द्यावी, की फ्लॅगसोबतच?

जुनीशाखा

फ्लॅगसोबतच द्या. त्या तपासणीविना फ्लॅग लावणे धोक्याचे आहे, म्हणून दोन्ही मिळून एकच दुरुस्ती होते आणि जुन्या शाखांवरही ती एकत्रच जायला हवी. संदेशाच्या पहिल्या ओळीत ‘एव्हीफॉरमॅट’ आणि फाइलचे नाव लिहा. खाली लीक कोणत्या वाटेवर होतो आणि तपासणी का लागली, ते दोन वाक्यांत सांगा. वापरात नसलेली व्हेरिएबल, तपासण्यांचे एकत्रीकरण आणि इंडेंटेशन त्यानंतर, याच क्रमाने, वेगवेगळे पाठवा.