मदत हवी आहे: काळ्या जमिनीत, मुरूम न लागणाऱ्या जागेवर घराचा पाया कसा घ्यावा? (दर्यापूर तालुका)

नमस्कार मंडळी,

आम्ही दर्यापूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. मी, नवरा, चार वर्षांची मुलगी आणि सासूबाई. आताचं घर आजेसासऱ्यांच्या काळातलं, धाब्याचं, म्हणजे लाकडांवर मातीचं सपाट छप्पर. मे महिन्यात बाहेर ४५ असलं तरी मधल्या खोलीत जीव रमतो, त्या बाबतीत या घराचे उपकारच आहेत. पण लाकडांना वाळवी लागली आहे आणि गेल्या पावसाळ्यात धाब्याची माती एका कोपऱ्यात खाली आली. त्या कोपऱ्यात मुलीचं अंथरूण असतं. त्यामुळे आता थांबायचं नाही असं ठरलंय. दिवाळीनंतर कपाशीचे पैसे हातात आले की काम सुरू करायचं.

जागा आमचीच, गावठाणाला लागून असलेल्या शेताचा तुकडा. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत येत असल्यामुळे महसूल संहितेच्या कलम ४२-ड खाली रूपांतरण कर भरून अकृषिकचं काम मार्गी लागलं आहे, तेव्हा कागदपत्रांची चर्चा इथे नको. माझा प्रश्न जमिनीखालचा आहे.

जुनं घर पांढरीत, म्हणजे गावठाणाच्या पांढऱ्या मातीत आहे, नवं काळीत जाणार. आणि काळी म्हणजे कशी? उन्हाळ्यात वावरात अशा भेगा पडतात की हात कोपरापर्यंत आत जातो. यवतमाळ-वर्ध्याकडची मंडळी म्हणतात, "मुरूम लागेपर्यंत खोदा." आमच्याकडे मुरूम लागतच नाही. ही पूर्णेच्या खोऱ्यातली गाळाची जमीन. आमची विहीर खोदताना घरच्यांनी पाहिलंय, काळी माती संपली की पिवळसर चिकणमाती सुरू होते आणि ती खाली खाली जातच राहते.

भीती कशाची ते सांगते. चुलत सासऱ्यांनी काही वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या वावरात घर बांधलं. दगडाचा पाया, विटांच्या भिंती, वर स्लॅब. त्यांच्या बैठकीच्या खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून जोत्यापर्यंत एक तिरपी भेग गेली आहे, विटांच्या सांध्यांमधून पायऱ्या पायऱ्यांनी उतरते. मे महिन्यात त्यात रुपयाचं नाणं आडवं जातं. भादव्यात तीच भेग मिटते, पण मग मागचं दार चौकटीत अडकतं आणि खांद्याने ढकलावं लागतं. दोनदा सिमेंट भरलं, दोनदा बाजूला नवी भेग आली. काकांनी आयुष्याची कमाई त्या घरात घातली आहे. घरी कोणी आलं की काकू त्या भिंतीसमोर कपाट सरकवतात, ते पाहून फार वाईट वाटतं.

आता आमचे मिस्त्री. माणूस कामाचा आणि प्रामाणिक आहे. त्यांचं म्हणणं, "तीन फूट खंदा, दगड भरा, वरून जोत्याचा बीम टाका. एवढे घरं बांधले, एकबी पडलं नाही." नवऱ्याचा कल त्यांच्याकडे आहे, कारण हिशोब. ८०० चौरस फुटांचं घर, दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे सपरी (पडवी). बचत आणि कर्ज मिळून १४ लाख जमतात, त्यावर एक पैसा नाही. तालुक्याच्या एका इंजिनिअरने 'पाइल' घ्यायला सांगितलं. सासूबाई म्हणतात, जो पैसा मातीत गाडायचा तो भिंतीत लावा, निदान दिसेल तरी. मला मात्र वाटतं की फरशी साधी चालेल, गिलावा एकच बाजूने केला तरी चालेल, स्वयंपाकघराच्या टाइल्स पाच वर्षांनी लावू. पाया पाच वर्षांनी नाही घालता येत.

म्हणून विचारते:

मुरूम न लागणाऱ्या काळ्या जमिनीत दगडाचा पाया टिकतो का? पाइल म्हणजे नेमकं काय करतात, आणि ८०० फुटांच्या बैठ्या घराला ते जास्तीचं तर नाही ना?

दुसरं पाण्याचं. आम्ही खारपाणपट्ट्यात. बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही, कूलरच्या गवतावर एका मोसमात पांढरा थर चढतो. शहानूरच्या योजनेचं नळाचं पाणी येतं, पण रोज नाही. बांधकाम बोअरच्या पाण्यावर करू का?

आणि तिसरं, सासूबाईंचे गुडघे. काळ्या जमिनीत जोतं उंच हवं म्हणतात, त्यांना दोन पायऱ्याही जड जातात. यातून कोणी वाट काढली असेल तर सांगा.

प्रतिसाद

ताई, मी सिव्हिलमध्ये आहे, अकोला-बुलडाण्याकडची कामं करतो. तुमच्या काकांच्या घराचं जे वर्णन केलंत, उन्हाळ्यात उघडणारी आणि पावसाळ्यात मिटणारी भेग, ते फुगणाऱ्या मातीचंच लक्षण आहे. घर नुसतं खचलं असतं तर भेग उघडीच राहिली असती. पाणी प्यालं की ही माती वर उचलते, सुकली की खाली बसते, आणि घराच्या मधोमध व कडेला हे सारखं होत नाही. दगडाचा पाया तीन फुटांवर थांबला तर तो या हलणाऱ्या थरातच बसतो. मिस्त्री खोटं बोलत नाहीत, घर पडत नाहीच. ते फाटतं.

आधी माती तपासा. अमरावतीच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात चौकशी करा. त्याआधी एक चाचणी घरीही करून अंदाज घेता येतो. दोन-तीन फूट खालची माती पूर्ण वाळवा, कुटा, अगदी बारीक चाळा. १०-१० ग्रॅम माती मापाच्या दोन काचेच्या नळ्यांत घाला, एकीत रॉकेल, दुसरीत शुद्ध पाणी १०० मिलीपर्यंत भरा, ढवळून हवा काढा आणि २४ तास ठेवा. रॉकेलात ही माती फुगत नाही. समजा रॉकेलात १० मिलीवर बसली आणि पाण्यात २० वर, तर फुगवटा १०० टक्के. भारतीय मानकाप्रमाणे ५० च्या आत असेल तर काळजी कमी, १०० च्या पुढे गंभीर.

तुमचा फुगवटा जास्त आला तर उत्तर तेच, 'अंडर-रीम्ड पाइल'. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने ही पद्धत आपल्या काळ्या मातीसाठीच विकसित केली, त्यामुळे बैठ्या घराला जास्तीची अजिबात नाही. हाताच्या गिरमिटाने साधारण एक फूट व्यासाचं भोक पाडतात, खोली ३.५ मीटर. तळाशी एक अवजार फिरवून ते भोक अडीच पट रुंद करतात. मग सळाखीचा सांगाडा सोडून काँक्रीट भरतात. तळाचा तो फुगा अशा थरात असतो जिथे वर्षभर ओल फारशी बदलत नाही, म्हणून वरची माती कितीही उचलली तरी पाया जागचा हलत नाही. भिंतींच्या सांध्यांवर हे पाइल घेऊन वर बीमने बांधतात. हा बीम मातीवर टेकवू देऊ नका. खाली ८० मिमी, म्हणजे तीन इंचांच्या वर पोकळी लागते. मिस्त्री सवयीने तिथे माती दाबून भरतात, मग माती थेट बीमलाच उचलते आणि सगळा खर्च वाया जातो. त्या दिवशी स्वतः उभ्या राहा.

प्रतिसाद

मी बाळापूरचा. आमचंही घर काळीत आहे, फुटिंग (खांबाखालचा काँक्रीटचा पसरट पाया) पाच-सहा फुटांवर घेऊन वर-खाली दोन्ही बीम बांधले, पाइल नाही. अजून तरी ठीक. त्यामुळे पाइलशिवाय होतच नाही असं नाही.

पण ताई, पाया कोणताही घ्या, घराभोवतीचं पाणी सांभाळा. घराच्या चारही बाजूंनी चार-पाच फूट रुंद पक्का ओटा घ्या, ढाळ बाहेर. न्हाणीचं पाणी भिंतीशी मुरू देऊ नका, पाइपाने लांब न्या. शोषखड्डा आणि सेप्टिक टँक घरापासून दूर. मोठं झाड जेवढं उंच होणार तेवढं तरी भिंतीपासून लांब लावा, नाहीतर मुळं एका बाजूची ओल ओढून घेतात आणि तोच कोपरा बसतो.

बोअरचं पाणी वापरू नका. आमच्या एका नातेवाइकाने वापरलं, जोत्यापासून कमरेपर्यंत लोणा लागला, रंग टिकत नाही. विटा भिजवायलाही नळाचंच पाणी घ्या.

प्रतिसाद

वरच्या भाऊंचं खरं आहे, फुटिंगवरची घरंही उभी आहेत. फरक भेगांच्या खोलीचा. एप्रिलच्या शेवटी तुमच्याच जागेवर खड्डा घेऊन पाहा, भेगा आणि कोरडी माती कुठवर जाते. पाच-सहा फुटांच्या आत संपत असेल तर त्याच्याखाली फुटिंग बसवता येईल. त्याहून खोल असेल तर पाइल. यासाठी एक उन्हाळा थांबावं लागलं तरी थांबा असं मी म्हणेन.

पाण्याचा आकडा लक्षात ठेवा. लोखंड असलेल्या काँक्रीटच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या वर नको, सल्फेट ४०० च्या वर नको. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत पाणी तपासून मिळतं. सळाखीवर पायात किमान ५० मिमी काँक्रीटचं कव्हर ठेवा, जमीनही खारी आहे. स्लॅबला पाणी मारणं आपल्या हवेत, बाजारात मिळणाऱ्या पीपीसी (राख मिसळलेल्या) सिमेंटला, १४ दिवस. तेवढं गोडं पाणी आधी साठवून मगच स्लॅब टाका.

आईंच्या गुडघ्यांसाठी पायऱ्यांसोबत सपरीच्या बाजूने उतार घ्या. एक फूट चढाला बारा फूट लांबी धरा. जोतं दोन फुटांचं असेल तर चोवीस फूट, भिंतीला लागून वळवता येतो. कठडा दोन्हीकडे.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री जेवणं झाल्यावर नवऱ्याला आणि सासूबाईंना सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. मिस्त्रींनाही बोलावलं होतं. बीमखालच्या पोकळीचं ऐकून ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "काकाच्या घरात आपण मातीच ठोकली होती." त्यांचा मान राखूनच काम करायचं आहे, कारण घर तेच बांधणार आहेत.

रॉकेल आता गावात मिळत नाही. मापाच्या नळ्यांसाठी कॉलेजात विचारतेच आहे, तिथेच चाचणीही होईल.

नवरा अजून पूर्ण तयार नाही, पण दिवाळीऐवजी एप्रिलमध्ये खड्डा घेऊन बघायला तयार झाला. तोपर्यंत जुन्या धाब्यावर ताडपत्री आणि मुलीची झोपायची जागा आजीजवळ. या मधल्या महिन्यांत पन्हाळीचं पावसाचं पाणी धरायची टाकी जमिनीच्या वर बांधून ठेवावी असा विचार आहे. नव्या घराच्या ८०० चौरस फुटांच्या छपरावर ७०० मिमी पाऊस धरला तरी गळती-वाया वजा जाऊन ४० हजार लिटर होतात. तेवढं सगळं साठवणं परवडणार नाही, पण आता गुरांच्या कोठ्याच्या टिनाचं पाणी धरलं तर बांधकामाला काही तरी आधार होईल.

आता एवढंच विचारते. दर्यापूर, अंजनगाव किंवा अकोट भागात गिरमिटाने अंडर-रीम्ड पाइल मारणारी टोळी कोणी प्रत्यक्ष लावली आहे का? दर फुटावर घेतात की नगावर, आणि तळाचा फुगा खरंच कापला गेला हे भोकात काँक्रीट पडण्याआधी कसं तपासायचं?